नंबर पोटात असतो: लॅपटॉप-मोबाइलचा नेमका पार्ट शोधण्याची कृती

शेतातल्या मोटारीचं बेअरिंग गेलं की आपल्याकडचा शेतकरी दुकानात जाऊन मोटारीच्या कंपनीचं नाव घेत नाही. तो म्हणतो, "6204 द्या." 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47, रुंदी 14. कंपनी कोणतीही असो, जळगावात घ्या की शिरपूरला, ते बसतंच. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर2032, तोही तसाच. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. मापच नावात लिहिलेलं आहे.

लॅपटॉपची बॅटरी किंवा मोबाइलचा डिस्प्ले मागायला गेलात की हा सरळपणा संपतो. झाकणावरचं नाव एकच आणि आत चार वेगळ्या बॅटऱ्या. गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या लॅपटॉपसाठी मी जळगावच्या गोलाणी मार्केटला तीन चकरा मारल्या, एसटीने धुळ्याला जाऊन आलो, आणि मधल्या काळात 2,200 रुपये एका न बसणाऱ्या बॅटरीत अडकून पडले. तिची परीक्षा तोंडावर आली होती, प्रोजेक्ट त्याच मशीनमध्ये होता. "काका, वायर लावून चालतोय ना, राहू द्या," असं ती म्हणत राहिली आणि लाइट गेली की मशीन बंद पडत राहिलं. पार्ट बाजारात होता. मलाच तो मागता येत नव्हता. तो कसा मागायचा, त्याची ही कृती.

साहित्य

बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा सेट (चौफुलीच्या टोकाचा आणि चांदणीच्या टोकाचा, दोन्ही), झाकण उकलायला जुनं एटीएम कार्ड, मिलिमीटरची पट्टी, फोटो काढायला मोबाइल, पांढरा कागद, चिकटपट्टी, पेन. मल्टिमीटर असेल तर उत्तम. झाकणाच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हरचं लोखंडी टोक घालायचं नाही. प्लास्टिकच्या कड्या तुटतात आणि आत बॅटरी असली तर तिला भोक पडतं.

पायरी 1: बॅटरी फुगली आहे का ते बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण 45 अंशच असते, आणि पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या चालू लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त गरम असतं. म्हणून खान्देशात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. टचपॅड वर उचललं गेलंय, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर मशीन डुलतंय, मोबाइलची मागची काच एका कडेने सुटलीय, यातलं काहीही दिसलं तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, उपसून काढायची नाही. ती मेकॅनिककडूनच काढून घ्या. पुढच्या पायऱ्या न फुगलेल्या बॅटरीसाठी आहेत.

पायरी 2: दुकानात जायच्या आधी उघडा

माझी चूक इथेच झाली. झाकणावरचं नाव आणि "पंधरा इंची" एवढ्या भांडवलावर मी गेलो. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये नाव टाकून एक बॅटरी काढून दिली. घरी उघडून पाहिलं तर व्होल्ट तेच, ताकद तेवढीच, पण वायर डाव्या बाजूने निघत होती. आमच्या मशीनचा सॉकेट उजवीकडे, वायर तीन सेंटिमीटर कमी पडत होती. तीन सेंटिमीटरसाठी ती बॅटरी माझ्यासाठी वीट झाली. परत घ्यायला दुकान तयार नव्हतं, "पाकीट फोडलं ना भाऊ."

मग कोणीतरी म्हणालं धुळ्याला मिळेल. पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर गेलो. आग्रा रोडवरच्या एका दुकानात वयस्क मेकॅनिक बसले होते. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून एकच प्रश्न विचारला: "जुनी आणली का?" जुनी घरी, लॅपटॉपच्या आत होती. त्यांनी समोरचा ड्रॉवर ओढला. आत मेलेल्या बॅटऱ्या उभ्या लावून ठेवल्या होत्या, फायलींसारख्या, प्रत्येकीचा नंबर वर. "आम्ही हिला तिच्या शेजारी धरतो आणि बघतो," ते म्हणाले. "नाव सांगून पार्ट देत नसतो." त्यांनी मला काही विकलं नाही, आणि मला त्या दिवशी मिळालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच होती.

तर उघडायचं असं. मशीन पूर्ण बंद करा, नुसतं झाकण मिटून झोपवू नका. अडॅप्टर काढा. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच चिकटपट्टीने लावा. स्क्रू दिसायला सारखे असतात, लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डला टेंगूळ येतं किंवा बोर्ड चिरतो. रबरी पायाखालीही स्क्रू लपलेले असतात. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायर ओढायची नाही, कनेक्टरच्या दोन्ही कडांना नखाने सरकवायचं. मग बॅटरीवरच्या स्टिकरचा जवळून एक फोटो, आणि बॅटरी जागेवर असताना पूर्ण पोटाचा एक फोटो. दुसरा फोटो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वायर कुठून निघते आणि स्क्रूची भोकं कुठे आहेत ते त्यातच दिसतं.

हात धजावत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडे नुसतं उघडून फोटो काढायला न्या. शंभर-दोनशे रुपये गेले तरी चकरा वाचतात.

पायरी 3: स्टिकर वाचा

स्टिकरवर खूप अक्षरं असतात. त्यातली चारच कामाची.

एक, बॅटरीचं स्वतःचं नाव. एचपीच्या बॅटरीवर एचटी03एक्सएल असं काहीतरी असतं; त्यातला 03 म्हणजे तीन सेल. डेलच्या बॅटरीवर पाच अक्षर-अंकांचा कोड असतो. लेनोवोच्या बॅटरीवर एल16एम2पीबी1 असं असेल तर 2 म्हणजे दोन सेल, आणि एल16 नंतरचं अक्षर सेल कोणी बनवला ते सांगतं. म्हणून एल16एल2पीबी1 किंवा एल16सी2पीबी1 ही त्याच बॅटरीची सख्खी भावंडं, ती चालतात. हे माहीत नसलं की दुकानदार "एम नाही, एल आहे" म्हणतो आणि आपण उलट्या पावली परत येतो.

दोन, व्होल्ट. इथे जरा थांबा, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. लिथियम सेल साधारण 3.6 ते 3.7 व्होल्टचा. तीन जोडले की कोणी 10.8 लिहितो, कोणी 11.1. हा फक्त लिहिण्याचा फरक आहे. बाकी सगळं जुळत असेल तर चालतं. तसंच 14.4 आणि 14.8. पण 7.4 आणि 11.1 हा सेलच्या संख्येचा फरक आहे, तो कधीच चालत नाही. आणि 11.4 किंवा 11.55 लिहिलेली बॅटरी वेगळ्या जातीची: तिचे सेल 3.8 किंवा 3.85 व्होल्टचे, आणि ते जुन्या सेलपेक्षा जास्त व्होल्टपर्यंत चार्ज होतात. 11.1 ची बॅटरी 11.4 च्या जागी ढकलली तर ती तिच्या सोसण्यापलीकडे चार्ज होऊ शकते. "तीनच पॉइंटचा फरक आहे, चालतंय" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

तीन, वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 11.4 व्होल्ट आणि 3,600 एमएएच म्हणजे 41 वॉट-अवर. त्याच मापाच्या बॅटरीवर कोणी 6,000 एमएएच छापलं असेल तर समजून घ्या की तेवढ्या जागेत तेवढी वीज मावत नाही. आकडा खोटा आहे.

चार, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर आयएस 16046 आणि "आर-" पुढे आठ अंक छापलेले असायला हवेत. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कारखान्याची नोंद आहे ते कळतं. हा जुन्या बॅटरीपेक्षा नवीन घेताना उपयोगी.

पायरी 4: फोन आधी, एसटी नंतर

नंबर हातात आला की बोलणंच बदलतं. "लॅपटॉपची बॅटरी आहे का?" या प्रश्नाला प्रत्येक दुकानाचं उत्तर "या ना, बघू" असंच असतं. त्याऐवजी असं विचारा: "एल16एम2पीबी1 हवी आहे, दोन सेल, 7.6 व्होल्ट. एल किंवा सी असली तरी चालेल. स्टॉकमध्ये आहे की मागवावी लागेल? फोटो पाठवतो, तुमच्याकडच्या बॅटरीचा मला पाठवा." फोटो परत पाठवणारा दुकानदार भरवशाचा. तो फोटो आपल्या लॅपटॉपच्या पोटाच्या फोटोशेजारी ठेवून वायर, भोकं, पिनांची संख्या जुळवा.

शोधण्याचा क्रम मी असा ठेवतो. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला किंमत विचारायची, मशीन जुनं असलं तरी. पार्ट बंद झाला असेल तर तसं लेखी उत्तर मागायचं. ते पुढे तक्रारीत कामाला येतं. मग गोलाणी, मग धुळ्याचा आग्रा रोड. इथे नसेल तर दुकानदार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात; त्यांना दोन दिवस द्या आणि आगाऊ रक्कम दिली तर चिठ्ठीवर नंबर लिहून घ्या. ऑनलाइन शेवटी. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायचे नियम कडक असल्याने पार्सल रस्त्याने, सावकाश येतं, आणि चित्र एका बॅटरीचं, पाकिटात दुसरी, असं होऊ शकतं. मागवलंच तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा.

मी धुळ्याहून घरी येऊन लॅपटॉप उघडला, बॅटरीचा नंबर लिहिला आणि फोन लावले. चौथ्या फोनवर सापडली. गोलाणीतच, मी पहिल्यांदा गेलो होतो त्याच मजल्यावर.

पायरी 5: मोबाइलचा डिस्प्ले असेल तर

मोबाइलची नावं अजून फसवी. 2021 मध्ये एकट्या रेडमी नोट 10 या नावाखाली नोट 10, 10एस, 10टी, 10 प्रो आणि 10 प्रो मॅक्स आले. नोट 10 चा डिस्प्ले अमोलेड, 10टी चा एलसीडी. "रेडमी नोट दहा" एवढं सांगून काउंटरवर उभं राहणं म्हणजे लग्नघरात "पाटलांना बोलवा" म्हणण्यासारखं आहे. सेटिंगमध्ये "फोनबद्दल" उघडा, मॉडेल नंबर वाचा, तोच सांगा. फोन चालूच होत नसेल तर खोक्यावर किंवा बिलावर असतो.

दुकानात डिस्प्ले आणि टच मिळून जे येतं त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. तो तीन-चार दर्जांचा असतो: ओरिजिनल, ओजी, कॉपी, आणि दुसऱ्या फोनमधून काढलेला. किमतीचा फरक दुपटी-तिपटीचा, म्हणून दर्जा बिलावर लिहून घ्या. तुमच्या फोनचा बोटाचा ठसा काचेखाली लागत असेल तर अमोलेडच्या जागी एलसीडी कॉपी लावल्यावर तो बंद पडतो. शिवाय कॉपी जाड असते, चौकटीच्या वर कडा उभी राहते, खिशातून काढता-घालता तीच कडा पहिल्यांदा फुटते.

आणि हे विसरू नका: फोल्डर चिकटवण्याआधी नुसता जोडून तपासायचा, वरची पन्नी न काढता. चारही कोपऱ्यांत आयकॉन ओढून बघा, कीबोर्डची सगळी अक्षरं दाबा, पांढरा पडदा आणून डाग शोधा, कॉल लावून कानाजवळ नेल्यावर पडदा विझतो का बघा. पन्नी निघाली, गोंद लागला की कोणतंही दुकान तो परत घेत नाही. घाईच्या वेळी मेकॅनिक पन्नी आधीच ओढतो. आपण हात धरून थांबवायचं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

पायरी 6: अडॅप्टर असेल तर

व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. 19.5 व्होल्ट 2.31 अँपिअरच्या, म्हणजे 45 वॉटच्या जागी 3.34 अँपिअरचा 65 वॉटचा चालतो. उलट चालत नाही. पिनेचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजा. एचपीची जुनी पिन 7.4 मिलिमीटरची, नंतरची निळी 4.5 ची. जिच्या मध्यभागी सुई आहे, ती सुई लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख सांगते. डेलच्या कित्येक मॉडेलांत ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही. लोक मग चांगली बॅटरी बदलतात. टाइप-सीचा असेल तर चार्जरवर 20 व्होल्ट लिहिलंय का बघा, आणि 65 वॉटसाठी 5 अँपिअरची केबल घ्या. मोबाइलची केबल बसते, पण लॅपटॉपला पोटभर वीज देत नाही.

पायरी 7: काउंटरवर आणि घरी

बिलावर पार्टचा नंबर, वॉरंटीचे महिने आणि "न जुळल्यास परत" हे तीन शब्द लिहून घ्या. टेस्टिंग वॉरंटी म्हणजे फक्त दुकानात चालतो की नाही एवढंच, तिला वॉरंटी समजू नका. स्टिकरवरची तयार केल्याची तारीख वाचा. लिथियम बॅटरी कपाटात पडूनही जुनी होते. जमलं तर तिथेच बसवून घ्या.

घरी विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरपी रेघ, तिला लागून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता दिसते. नव्या बॅटरीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत. 41 च्या जागी 29 दिसले तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता बिल घेऊन जा.

दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीत बोलता येतं. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. कंपनीच पार्ट द्यायला टाळत असेल तर केंद्र सरकारचं "राइट टू रिपेअर" पोर्टल 24 डिसेंबर 2022 पासून आहे. त्यावर आपल्या कंपनीचं नाव आणि सुट्या भागांची माहिती आहे का ते बघा. युरोपात 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या मोबाइलचे महत्त्वाचे पार्ट, मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं पुरवणं कंपन्यांना सक्तीचं आहे. त्याच कंपन्या आपल्याला फोन विकतात. बेअरिंगवाल्यांना जे जमलं ते यांना जमत नाही असं नाही. आपल्याकडे त्यांच्यावर तशी सक्ती नाही, एवढंच. म्हणून तक्रार नोंदवण्याचा कंटाळा करू नका, दोनशे रुपयांच्या पार्टसाठीसुद्धा.

पायरी 8: नंबर लिहून ठेवा

पुतणीच्या लॅपटॉपच्या खालच्या झाकणाला आतून मी पांढरी चिठ्ठी चिकटवली आहे. बॅटरीचा नंबर, रॅमचा प्रकार, अडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर, बदलल्याची तारीख. पुढच्या वेळी जो कोणी उघडेल त्याला शोधावं लागणार नाही. घरातल्या प्रत्येक मशीनचं हेच मोबाइलमध्येही फोटो काढून ठेवा, आणि मशीन चांगलं चालू असताना ठेवा.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की पेट घेते, आणि गाडीवर माणसं उभी असतात. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा आणि जिथून नवी घेतली त्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जमा करा.